पहिले चार आटे बोटांनी

बाबा, दुपारचे चार वाजून गेले होते, श्रीलंकेत कँडीतल्या एका गेस्ट हाऊसच्या अंगणात मी एका सायकलचं डावं पेडल बसवत होतो, आणि माझ्या पान्याखाली काहीतरी चुरचुरलं. सगळं बदललं ते त्या क्षणी. पुढे तिसऱ्या दिवशी घाटात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं, त्याचे फोटोही आहेत. चुरचुर फक्त मला कळली, तीसुद्धा कानाला नाही, हाताला. तुम्ही म्हणायचात, "कान चुकते, डोये चुकते, हात चुकत नाई." हात चुकला नव्हता बाबा. त्यानं वेळेवर सांगितलं होतं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी नववीत होतो, म्हणजे तुमच्या लेखी मी अजून शाळेतच असेन. तर आधी एवढं सांगतो की मी आता पंचविशीत आहे, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंय, आणि शनिवार पेठेत एका बोळात सायकलींचं वर्कशॉप चालवतो. वर्कशॉप म्हणायचं, दुकान नाही. तुमच्याकडे येरवड्याला जेलवरचे शिपाई यायचे, दूधवाले यायचे, छापखान्यातले कामगार यायचे. माझ्याकडे येणाऱ्यांची सायकल त्यांच्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग असते, आणि तिच्यावरून ते कामाला जात नाहीत. रविवारी उजाडता उजाडता लोणी काळभोरपर्यंत जातात, चहा पितात, फोटो काढतात आणि परत येतात. तुम्ही शांतपणे विचारलं असतं, "घरून निंगून घरीच येते, मंग जाते काहून?" मी हा प्रश्न एका गिऱ्हाइकाला खरंच विचारला. त्यानं मला वर्षभर तोंड दाखवलं नाही. आईचं म्हणणं आहे की तुमचं तोंड मला मिळालं, तुमचा हात मिळायला हवा होता.

तर अशाच एका ग्रुपनं ठरवलं की कर्णबधिर मुलांच्या एका शाळेसाठी सायकल चालवायची. शाळा पुण्यातली, मुलं पुण्यातली, आणि सायकल चालवायची श्रीलंकेत, सहा दिवस. प्रत्येकानं आपल्या ओळखीच्यांना सांगायचं की मी तिकडे घाट चढतोय, तुम्ही शाळेला काहीतरी द्या. मी ग्रुपच्या म्होरक्याला म्हटलं, मुलं इथं आहेत तर सिंहगड का नाही. तो म्हणाला, सिंहगड चढलो तर लोक शाबास म्हणतात, परदेशात चढलो तर हात खिशाकडे जातो. हे खरं निघालं. मुलांना श्रवणयंत्रं मिळाली, मी स्वतः शाळेत जाऊन पाहून आलो. एक मुलगी यंत्र लावल्यावर पंख्याकडे बघत बसली होती. पंख्याला आवाज असतो हे तिला माहीतच नव्हतं. त्यामुळे त्या सहलीला नावं ठेवायची माझी हौस तिथंच संपली. त्यांना बरोबर एक मेकॅनिक हवा होता. मी नाही म्हटलं होतं. मग त्यांनी येणाऱ्यांची यादी पाठवली, प्रत्येकाच्या सीटची उंची लिहिलेली, आणि त्या यादीत पाचवं नाव तिचं होतं. सीटची उंची मला पाठच होती. मी दहा मिनिटांत हो कळवलं.

ती म्हणजे कॉलेजातली. तुम्हाला तिच्याबद्दल कोण सांगणार होतं, म्हणून मीच सांगतो. आमच्या वर्गात मेकॅनिकलला तीनच मुली होत्या, आणि वर्कशॉपच्या तासाला ती माझ्या शेजारच्या बाकावर असायची. फाईल, म्हणजे आपली कानस, कशी धरायची ते मी तिला दाखवलं, जसं तुम्ही मला दाखवलं होतं, अंगठा वर, कोपर अंगाशी. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. तिसऱ्या वर्षी शिकवणाऱ्या सरांनी एकदा मुलांना काम दाखवताना फाईल चुकीची धरली आणि मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. ते म्हणाले, "वा. पंक्चरवाल्यांचे चिरंजीव आता आमचा तास घेणार." मी फाईल भिरकावली. कुणाला लागली नाही, खिडकीची काच गेली. काच मी भरून दिली असती, पण त्यांना माफीचं पत्र हवं होतं. ती मला कँटीनमागे घेऊन गेली आणि म्हणाली, "दोनच ओळी लिही. तुला मनापासून तसं वाटायलाच पाहिजे असं काही नाहीये. लिही आणि मोकळा हो." मी म्हटलं, माझ्या बापाला बोलला तो. ती म्हणाली, "तो बोलला ते चूक, पण काच तू फोडलीस. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मला त्या वेगळ्या दिसेनात. मी पत्र लिहिलं नाही आणि कॉलेजला गेलो नाही, आणि वाट बघत राहिलो की ती मला समजवायला घरी येईल. एकदा आली. आईनं तिला पोहे दिले. मी माळ्यावर जाऊन बसलो होतो, खाली आलो नाही. परत ती आली नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही, हे मला कळायला चार वर्षं लागली.

आता कँडी. विमानात सायकल न्यायची म्हणजे ती उघडून खोक्यात भरावी लागते: हँडल वळवायचं, पुढचं चाक काढायचं, दोन्ही पेडलं काढायची. तिकडे पोचल्यावर सगळं पुन्हा जोडायचं. चौदा सायकली, एकटा मी. बाकीचे आंघोळी करून चहा घेत होते. अंगणात फणसाचं झाड होतं, त्याखाली सतरंजी टाकून मी बसलो, आणि खरं सांगतो, आठ सायकली मी तुमच्यासारख्या जोडल्या. पेडल घेतलं की आधी आट्याला ग्रीसचं बोट, मग पहिले चार आटे नुसत्या बोटांनी फिरवायचे, सैल, हलक्या हातानं, आणि बोटांना वाट सरळ लागली की मगच पाना. तुमचं वाक्य सोळा वेळा तोंडात आलं असेल: "पयले चार आटे बोटानं. पाना मंग." डाव्या पेडलचे आटे उलटे, ते उलट्या दिशेनं आवळायचं, हेही कधी सांगावं लागलं नाही. आणि एकेक सायकल झाली की तिच्यावर बसून गेस्ट हाऊसच्या फाटकापर्यंत एक फेरी. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी आपण स्वतः बसायचं, आपलं वजन टाकायचं, मगच त्याचं वजन पडू द्यायचं, हा तुमचा नेम.

नववी सायकल एका काकांची होती. चौसष्ट वर्षांचे, नोकरीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांत सावकाश चालवणारे आणि कधीच न थांबणारे. मला ते डॉक्टर म्हणायचे. "काय डॉक्टर, पेशंटची तब्येत कशी आहे?" असं विचारत वर्कशॉपात यायचे आणि स्वतःसाठी एक आणि माझ्यासाठी एक अशा दोन क्रीमरोलची पुडी स्टुलावर ठेवायचे. त्यांचं उजवं पेडल मी नीट बसवलं. डावं हातात घेतलं, तेवढ्यात ती अंगणात आली. केस ओले होते. माझ्यासमोर उकिडवी बसली, जशी वर्कशॉपच्या तासाला बसायची, आणि म्हणाली, "मे महिन्यात माझं लग्न आहे. तुला ग्रुपवरून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं." मी म्हटलं, अभिनंदन, सीटची उंची बघून घे. ती म्हणाली, "एवढंच?" मी पेडल क्रँकच्या दांड्याला टेकवलं, बोटं लावलीच नाहीत, सरळ पाना चढवला आणि सगळा जोर त्याच्यावर काढला. तुमच्या वेळी क्रँक पोलादी असायचा, असल्या दांडगाईला तो सहसा दाद द्यायचा नाही. हल्ली ॲल्युमिनियमचा असतो. पेडल तिरकं गेलं तरी तो बिचारा जागा करून देतो. त्याचे आटे कापले गेले आणि चंदेरी भुगा सतरंजीवर सांडला. चुरचुर. ती उठून गेली होती. मी भुग्यावर फुंकर मारली.

त्याच वेळी पेडल काढून बघितलं असतं तर काय झालं असतं? आटे गेले होते, तो क्रँक बदलावा लागला असता. गावात दुकान शोधावं लागलं असतं, काकांचा पहिला दिवस बुडाला असता, आणि सगळ्यांना विचारायचं निमित्त मिळालं असतं की पुण्याहून आणलेल्या मेकॅनिकनं असं कसं केलं. तिलाही कळलं असतं की असं का केलं. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी ते पेडल हातानं हलवून पाहिलं, घट्ट वाटलं, आणि स्वतःला म्हटलं, बसलंय. त्या सायकलची फेरी मी मारली नाही. पुढच्या पाचांची मारली. काकांची सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

दोन दिवस चढ होता. चहाचे मळे, धुकं, रस्त्याकडेला पिवळे नारळ विकणाऱ्या बायका. मी मागून व्हॅनमध्ये. रोज सकाळी निघायच्या आधी चौदाही सायकलींवरून हात फिरवायचो, ब्रेक, हवा, चेन. त्या एका पेडलवरून फिरवला नाही. विसरलो नव्हतो. हात तिथपर्यंत जायचा आणि वळून यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नाश्ता घेतला नाही. म्होरक्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "संकष्टी आहे हो आज. परदेशात चंद्र वेगळा नसतो." दोन केळी खाल्ली, नारळपाणी प्यायले आणि निघाले. त्या दिवशी उतार होता. एका उजव्या वळणावर ते डाव्या पायावर उभे राहिले, आपण उतारावर राहतो तसे, आणि सबंध पेडल त्यांच्या बुटाखालून निघून गेलं. हे मी बघितलं नाही, मी वळणामागे होतो. व्हॅन वळली तेव्हा ते रस्त्याकडेच्या गवतात बसले होते, उजव्या हातानं डावा हात धरून, आणि ती त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर. काका सगळ्यांकडे बघून ओशाळवाणं हसत होते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो नाही, बाबा. पहिल्यांदा मी रस्त्यावरचं पेडल उचललं. त्याच्या आट्यात ॲल्युमिनियमच्या गुंडाळ्या अडकल्या होत्या, पेन्सिलीला टोक काढल्यावर निघतात तशा. ते मी खिशात घातलं आणि मग विचारलं, कुठं लागलं.

खांद्याचं हाड आणि मनगट. तिकडच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं आणि मग म्होरक्या त्यांना घेऊन पुण्याला परतला. काय झालं हे त्यांना आठवत नव्हतं. पाय एकदम हवेत गेल्यासारखं झालं, एवढंच ते सांगत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की उपाशीपोटी भोवळ आली. चौदा माणसं, त्यात दोन खरे डॉक्टर, आणि कुणालाही दुसरं काही सुचलं नाही, कारण चतुर्थी समोरच होती. कुणी म्हणालं, या वयात हट्ट कशाला. कुणी म्हणालं, देवानं मागितलंय का. मी तिथंच बसून होतो. पेडल मांडीला टोचत होतं. कुणीतरी मला विचारलं की सायकल कितपत खराब झाली, आणि मी सांगितलं, पडल्यामुळे क्रँक वाकलाय, पेडल तुटलंय. माझ्यावर कुणी शंका घेतली नाही. तीन दिवसांनी काकांनी पुण्याहून ग्रुपवर लिहिलं: "माझ्या हट्टी उपासामुळे सर्वांना मनस्ताप झाला, एका चांगल्या कामात विघ्न आले. मोठ्या मनाने क्षमा करावी." डाव्या हाताला प्लास्टर असताना एका बोटानं लिहिलं असणार. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

तिनं मात्र पाहिलं होतं. परतीच्या विमानाआधी खोकी लावताना ती माझ्याजवळ आली आणि खाली बघतच म्हणाली, "तू काहीतरी उचललंस ते मी बघितलं." मी म्हटलं, तुटलेलं पेडल होतं. ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाहीये. ते माझं काम नाही. पण ते स्वतःला दोष देतायत, आणि मला वाटतं तुला माहितीय की त्यांचा दोष नाहीये." मग वळता वळता, "दोन ओळी असतात रे. दोनच." आणि आपली बॅग ओढत गेली. मला राग आला. राग यायला काय लागतं मला. विमानात सगळा वेळ मी तिला मनातल्या मनात उत्तरं देत होतो, आणि एकही उत्तर पेडलबद्दल नव्हतं.

याला आता दीड महिना होऊन गेला. मधल्या काळात मी काकांकडे दोनदा जाऊन आलो. सफरचंदं घेऊन. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलानं दार उघडलं, आणि काका आतून म्हणाले, "या या, माझे खरे डॉक्टर आले." मुलगा मला बाहेर सोडायला लिफ्टपर्यंत आला आणि बोलू लागला. त्यानं वडिलांच्या डोक्याच्या, कानाच्या, हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. कशातही काही निघालं नाही. मला वाटलं, आता याचा जीव भांड्यात पडला असेल. तो म्हणाला, "काही निघालं असतं तर औषध तरी दिलं असतं. काही निघत नाही म्हणजे पुन्हा कधीही होऊ शकतं." म्हणून काकांनी आता एकट्यानं खाली उतरायचं नाही. भाजीला जायचं नाही. गच्चीवर तर नाहीच. सकाळी एक माणूस येतो, तो त्यांना हाताला धरून सोसायटीत दोन फेऱ्या मारून आणतो. चतुर्थीही सोडायला लावली. आणि सायकल विकायची, हे काम साहजिकच माझ्याकडे आलं. काका दारातून एवढंच म्हणाले की चांगल्या माणसाला द्या, आणि सीटवर बसवलेलं मऊ कव्हर त्यांच्या बायकोनं शिवलं होतं, तेवढं काढून परत पाठवा. आवाज खाली पडला होता त्यांचा. दारापर्यंत येतानाही हल्ली ते भिंतीला हात लावून येतात, बाबा. मी बघितलं. जो माणूस दोन दिवस लंकेचा घाट चढला त्याला आता स्वतःच्या पायांचा भरवसा राहिला नाही, आणि पायांचा काही संबंधच नव्हता.

गिऱ्हाईक आज अकरा वाजता येणार आहे. मी आठला वर्कशॉप उघडलं, शटर अर्धंच वर केलं आणि हे लिहायला बसलो. काकांची सायकल समोर स्टँडवर आहे. मला सारखी येरवड्याची ती संध्याकाळ आठवते. मी अकरा वर्षांचा असेन. दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या एक मावशी त्यांची सायकल टाकून गेल्या होत्या, तुम्ही दुसऱ्या कामात होता, आणि मी न विचारता त्यांचं डावं पेडल बसवलं. घाईत, सरळ पाना लावून. मावशी सायकल घेऊन गेल्यासुद्धा. तुम्ही रोज दुकान बंद करताना स्वतः झाडायचात, आणि केरसुणीनं गोळा केलेलं बसून बघायचात, बेअरिंगच्या गोळ्या, वॉशर, काही कामाचं गेलं नाही ना. त्या दिवशी तुम्ही त्यातून चिमूटभर लोखंडी कीस उचललात, बोटांत चोळलात आणि माझ्याकडे बघितलंत. "हा आट्याचा कीस आहे. कोनाचे आटे गेले?" मी सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. दुकानाला कुलूप लावलंत आणि माझ्याबरोबर मावशींच्या चाळीपर्यंत चालत आलात, मला वाटलं तुम्हीच बोलाल. कोपऱ्यावर रॉकेलच्या दुकानापाशी थांबलात. "जा. मी इथंच उभा हाओ. 'आटे माह्या हातानं गेले' म्हनून सांग, अन् सायकल घेऊन ये." मी म्हटलं, तुम्ही चला ना. तुम्ही म्हणालात, "आटे मीनं मारले का?" मी गेलो. मावशींशी बोललो, सायकल घेऊन परत आलो. तुम्ही विचारलंत, "सांगितलं?" मी मान हलवली. तुम्ही माझ्या मानेवर हात ठेवलात आणि घरापर्यंत काढला नाहीत. आईनं त्या दिवशी भरीत केलं होतं. तुम्ही चुलीपाशी बसून तिला सांगत होता की पोरगं स्वतः बोललं, आणि ती भाकरी थापता थापता माझ्याकडे बघून हसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तुम्ही माझ्या हातात पंधरा नंबरचा पाना ठेवलात. साधा पाना, पण पेडलच्या फटीत जावा म्हणून तुम्ही तो ग्राइंडरवर घासून पातळ केला होता. कडेला निळसर डाग होता, घासताना तापल्याचा. "घे. आतापासून हा तुहा."

तोच पाना कँडीला माझ्या हातात होता.

एवढं लिहून मी उठलो आणि काकांच्या सायकलला नवा क्रँक लावला. ग्रीसचं बोट लावलं, पहिले चार आटे बोटांनी फिरवले. फार हलकं जातं हो ते, विसरलोच होतो. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की सायकल विकायची नाही. तो म्हणाला, आधी सांगता येत नाही का, तुम्हा लोकांना वेळेची काही किंमतच नाही. एरवी मी त्याला चांगलं ऐकवलं असतं. आज म्हटलं, बरोबर आहे तुमचं, चूक माझी. बोलून गेल्यावर लक्षात आलं की असं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालंय. फार काही झालं नाही. समोरच्यानं फोन ठेवला, इतकंच.

सायकल मी काकांच्या घरी चालवत नेणार आहे. तुमची ती फेरी, दीड महिना उशिरा. त्यांची सोसायटी येरवड्यालाच आहे, म्हणजे नदीवरच्या आपल्या पुलावरूनच जावं लागेल. पेडल फडक्यात गुंडाळून घेतलंय, त्यात अडकलेल्या गुंडाळ्यांसकट. मुलाला दाखवल्याशिवाय पटणार नाही, भोवळीवर त्याचा फार विश्वास बसलाय. तो मला काय बोलेल ते मला माहीत आहे, आणि ते बोलायचा त्याला हक्क आहे. ग्रुपवरही लिहीन. म्होरक्या उद्यापासून सगळ्यांच्या सायकली दुसरीकडे पाठवेल. पाठवू दे. तिला कळावं म्हणून करतोय का, असंही स्वतःला विचारून झालं. थोडं तेही आहे, खोटं कशाला बोलू. तिचं लग्न ठरलंय, मी काहीही सांगितलं तरी ते मोडणार नाही, आणि मोडावं असं आज सकाळी तरी मला वाटत नाही. फार थकलोय बाबा. दीड महिना एक पेडल खिशात वागवायचं म्हणजे पाठ दुखते.

हे पत्र कुठं पाठवणार. पान्यांच्या खणात, जिथं पंधरा नंबरचा असतो तिथं घडी करून ठेवतो. पाना बरोबर नेतोय, जागा रिकामी आहे. एक गोष्ट मात्र राहिली, ती सांगितल्याशिवाय उठता येत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही कोपऱ्यावर उभे होता तेव्हा मावशींना मी म्हटलं होतं, "बाबांनी सांगितलंय, पार्टच खराब निघाला, बदलून देतो." मावशी म्हणाल्या, तुझे वडील देवमाणूस आहेत. आटे माझ्या हातानं गेले, असं मी कधीच, कुणालाच सांगितलं नाही. पाना तुम्ही मला चुकून दिलात.

आज कोपऱ्यावर तुम्ही नसाल. तरी जातो. सायकल बाहेर काढतो, आज भिंतीला टेकवायची नाही, हातातच धरायची. लाईट बंद करतो. शटर खाली ओढतो.